छपाईची काटकसर: दगड, देव आणि दुकानाचं नाव

छोट्या धंदेवाल्याला प्रेसमध्ये गेल्यावर हमखास एक धक्का बसतो. पाचशे पत्रकांचा भाव ऐकून तो म्हणतो, "इतके?" मग हजाराचा भाव ऐकतो आणि जास्तच गोंधळतो, कारण दोन्हीत फरक अगदी थोडा. प्रेसवाला सांगतो, "हजारच घ्या साहेब, परवडतं." साहेब घेतात. दोन-तीनशे वाटली जातात, उरलेला गठ्ठा माळ्यावर जातो. वर्षभरात फोन नंबर बदलतो किंवा भाव बदलतात, की गठ्ठा रद्दीत.

प्रेसवाला फसवत नसतो. हिशेबच तसा आहे. समजा प्लेट बनवणं, मशीनवर चढवणं, रंग जुळवणं या तयारीचे दोन हजार रुपये, आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला कागद-शाईचा एक रुपया. (आकडे निव्वळ हिशेबापुरते आहेत, कुणाचे भाव नव्हेत.) पाचशे प्रतींचे झाले अडीच हजार, म्हणजे प्रत पाच रुपयांना. हजार प्रतींचे तीन हजार, प्रत तीन रुपयांना. एक लाख छापल्या तर प्रत एक रुपया दोन पैशांना! आमच्या भाषेत सांगायचं तर एक खर्च लूपच्या बाहेरचा, एकदाच होणारा, आणि दुसरा लूपच्या आतला, दर फेरीला होणारा. साबणाची मोठी कंपनी लाखात छापते, तिला बाहेरचा खर्च जाणवतही नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं बिल मात्र मुख्यतः त्या बाहेरच्या खर्चाचंच असतं.

तर सांगायचा मुद्दा हा की, छोट्या धंद्याला छपाई परवडायला लागली त्याचं श्रेय स्वस्त कागदाला फार नाही. तो तयारीचा खर्च एक तर कमी करायचा, नाही तर दहा जणांत वाटायचा, याच्या युक्त्या लोक दोनशे वर्षं शोधत आले आहेत. त्या युक्त्यांचा हा धावता आढावा.

म्युनिकचा कफल्लक नाटककार

अलोइस झेनेफेल्डर, जन्म १७७१. वडील नट होते. ते १७९१ मध्ये वारले आणि अलोइसने नाटकं लिहून पोट भरायचं ठरवलं. पण नाटक छापायचा खर्च परवडेना. मग स्वतःच छापायचं म्हणून तो तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं लिहून ॲसिडने कोरायला शिकू लागला. तांबं महाग, आणि दर वेळी पत्रा घासून पुन्हा गुळगुळीत करायचा म्हणजे जीव जाणार. म्हणून सरावाला त्याने बव्हेरियातला चुनखडीचा दगड घेतला. तो स्वस्त होता आणि सहज घासला जायचा.

१७९६ साली एकदा आईने त्याला धोबिणीसाठी कपड्यांची यादी लिहायला सांगितली. धोबीण दारात उभी आणि हाताशी कागदाचा चिटोरा नाही. याने मेण, साबण आणि काजळी कालवून केलेल्या आपल्या शाईने यादी दगडावरच लिहून टाकली. ती पुसायच्या आधी सहज विचार आला, ह्याच्यावर ॲसिड ओतून बघू या! ही गोष्ट त्याने स्वतःच पुढे १८१८ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. आणखी दोन वर्षं खटपट करून १७९८ च्या सुमारास तो खऱ्या शिळाछापापर्यंत पोचला. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, बस, एवढंच तत्त्व. तेलकट शाईने दगडावर लिहा, दगड ओला करा, वरून शाईचा रूळ फिरवा. कोऱ्या जागी पाणी असल्यामुळे शाई चिकटत नाही, लिहिलेल्या जागीच चिकटते. कोरणं नाही, खिळे नाहीत. काम झालं की दगड घासा, पुन्हा कोरा.

म्हणजे त्याने काय स्वस्त केलं? कागद तोच, शाईही काही फुकट नव्हती. स्वस्त झाली ती तयारी.

मुंबईतलं पंचांग

आपल्याकडे याचं महत्त्व आणखी जास्त होतं. इंग्रजी छापायला अक्षरं कमी लागतात. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून काही शे वेगवेगळे खिळे ओतावे लागतात, आणि तेही प्रत्येकी ढिगाने. एक पान छापायच्या आधीच केवढं भांडवल! दगडाला यातलं काहीच लागत नाही. वळणदार अक्षराचा माणूस आणि खास शाई असली की पान तयार.

गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावरच. देवनागरी खिळे त्यांनी नंतर पाडून घेतले. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. आधी कमी तयारीच्या तंत्राने, नक्की खपणारी वस्तू. भांडवल त्यानंतर. आणि वस्तू कोणती, तर वर्षभर घरात राहणारी, रोज उघडली जाणारी. कॅलेंडर छापून वाटणारा दुकानदार आजही हाच विचार करतो.

एका दगडावर दाटी

पुढची युक्ती कारागिरांची. छोटं लेबल असेल तर ते एकदाच रेखाटायचं, खास कागदावर त्याचे अनेक ठसे घ्यायचे आणि ते ठसे मोठ्या दगडावर शेजारी शेजारी उतरवायचे. एका दाबात एकाऐवजी वीस-पंचवीस लेबलं. मशीन तेवढंच चालतं, माल मात्र कितीतरी पट निघतो.

रंग आले तसा मात्र खर्च पुन्हा चढला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चांगल्या चित्राला दहा-बारा दगड सहज लागायचे, आणि सगळे रंग बरोबर जागेवर बसायला हवेत. गावातल्या एका टोपीवाल्यासाठी एवढं कोण करणार?

याचं उत्तर अमेरिकेत निघालं. बोस्टनचा लुई प्रँग हा मूळचा जर्मन मुद्रक १८७० च्या दशकात फुलांची रंगीत कार्डं छापू लागला. अशा कार्डांवर एक जागा मुद्दाम कोरी ठेवलेली असायची. कार्डं हजारोंनी छापली जायची आणि देशभरचे दुकानदार त्यातली आपल्याला हवी तेवढी विकत घ्यायचे. कोऱ्या जागेत गावच्या छोट्या प्रेसवर काळ्या शाईत नाव-पत्ता टाकून घ्यायचा. तेवढेही पैसे नसतील तर रबरी शिक्का मारायचा. रंगीत दगडांचा खर्च शेकडो दुकानदारांत वाटला गेला आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त शेवटची एक काळी ओळ राहिली. लोक ही कार्डं वहीत चिकटवून जपायचे. म्हणजे जाहिरात फेकली जात नव्हती, हा वरचा नफा :)

मळवलीचा धडा

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले होते. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती घराघरात पोचल्या हे आपण कौतुकाने सांगतो. पण छापखाना कर्जात बुडाला होता हे सहसा सांगत नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला गेला. श्लायशरनी देवांची चित्रं चालूच ठेवली, पण जोडीला धंदेवाईक लेबलं आणि जाहिरातींचं काम धरलं. त्यानंतर तो छापखाना अनेक दशकं चालला, १९७२ च्या आगीपर्यंत.

कलेच्या इतिहासात ह्या बदलाला थोडं नाक मुरडलं जातं. मला त्यात मुद्रकाचा हिशेब दिसतो. दगड, यंत्रं आणि माणसं तयार असताना ती रिकामी बसवणं हीच सगळ्यात मोठी उधळपट्टी.

शिवकाशी

ह्या हिशेबाला खरं शिखरावर नेलं तमिळनाडूतल्या शिवकाशीने. शण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे भाऊबंद १९२३ च्या सुमारास कलकत्त्याला जाऊन आगपेट्या बनवायचं शिकून आले. आगपेटी म्हटली की लेबल आलं. लेबलं बाहेरून छापून आणण्यापेक्षा गावातच छापावी, म्हणून प्रेस आले. प्रेस आले की त्यांना वर्षभर काम हवं. मग फटाक्यांची वेष्टनं, आणि मग कॅलेंडरं.

दरम्यान छपाईचं तंत्र बदललं होतं. १९०४ च्या सुमारास न्यू जर्सीत आयरा रुबेल या मुद्रकाच्या यंत्रात एकदा कागद जायचा राहिला आणि छाप रबराच्या रुळावर उमटला. पुढचा कागद त्या रबरावरून छापला गेला, तो थेट छापापेक्षा स्वच्छ! ऑफसेट छपाईचा उगम हा असा सांगतात. (पत्र्याच्या डब्यांवर छापायला ही कल्पना इंग्लंडमध्ये १८७५ पासूनच वापरात होती.) ऑफसेटने छपाई प्रचंड वेगवान झाली. पण गंमत बघा, यंत्र जितकं वेगवान तितकी मोठी ऑर्डर आणखी स्वस्त, आणि पाचशे प्रतीवाला होता तिथेच.

शिवकाशीने त्याला प्रँगवालीच वाट दिली, पण भारताच्या आकाराची. गणपती, लक्ष्मी, मुरुगन, गुटगुटीत बाळ, निसर्गदृश्य अशी ठरावीक चित्रं प्रचंड संख्येने छापायची, खाली पट्टी कोरी ठेवायची. एजंट नमुन्यांचा अल्बम घेऊन गावोगाव फिरणार, दुकानदार त्यातलं चित्र निवडणार. त्या कोऱ्या पट्टीत दुकानाचं नाव, पत्ता, "आमचे येथे सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल" वगैरे. खाली तारखांचा गठ्ठा टाचला, वर पत्र्याची पट्टी दाबली की कॅलेंडर तयार. ज्याला स्वतःचं एक रंगीत चित्र काढून छापणं जन्मात परवडलं नसतं, तो दोनशे गिऱ्हाइकांना रंगीत कॅलेंडर देऊ लागला.

नावाचं काम स्थानिक प्रेसमध्येही होई. पायाने चालणाऱ्या ट्रेडलवर चार ओळींचे खिळे जुळवून कामगार एकेक कागद हाताने सरकवायचा. नंतर तेच काम स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे गेलं. आपल्या लग्नपत्रिकांचंही हेच गणित. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात तयार पत्रिका निवडायची, सोनेरी गणपती आधीच छापलेला, आत फक्त आपला मजकूर छापून घ्यायचा. मध्यमवर्गीय घराला 'खास' पत्रिका परवडते ती यामुळेच.

वाटून घेण्याची किंमत

अर्थात, फुकट काहीच नसतं. तुमची लक्ष्मी आणि समोरच्या दुकानाची लक्ष्मी एकच. चित्र मोठं, नाव तळाशी. गिऱ्हाईक देव जपतं, दुकान लक्षात ठेवेलच असं नाही.

ताज्या युक्त्यांनाही हीच अट आहे. रॉबर्ट कीन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या व्हिस्टाप्रिंटने एका मोठ्या कागदावर अनेक गिऱ्हाइकांची व्हिजिटिंग कार्डं एकत्र छापायचं तंत्र इंटरनेटवर मोठं केलं. जुन्या लेबलवाल्यांची दाटीच ती, फक्त शेजारी वेगवेगळे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी फुकट कार्डंही दिली, मागच्या बाजूला स्वतःची जाहिरात छापून! एकत्र छपाईत शाई शेजाऱ्यांबरोबर जुळवून घ्यावी लागते. तुमचा लाल नेमका तुमच्याच मनासारखा येईल याची खात्री नाही, आणि कागद सगळ्यांना एकच.

दुसरी वाट इंडिगोची. १९९३ मध्ये बेनी लांडा यांच्या कंपनीने प्लेटशिवाय रंगीत छापणारं डिजिटल यंत्र आणलं. तयारी जवळजवळ शून्य, प्रत मात्र महाग. म्हणजे झेनेफेल्डरची वाट पुन्हा, दगडाशिवाय. पन्नास प्रती हव्या असतील तर हेच बरं, पाच हजार हव्या असतील तर ऑफसेटच.

मग आज पत्रक छापायला निघालेल्या माणसाने या सगळ्यातून काय घ्यावं? मला सगळ्यात कामाची वाटते ती शिवकाशीची कोरी पट्टी. आपल्या मजकुरात न बदलणारं काय आणि बदलणारं काय, हे आधी वेगळं करा. दुकानाचं नाव, चित्र, रंग, धंद्याची ओळख हे ऑफसेटवर एकदाच भरपूर छापून ठेवा आणि जागा कोरी सोडा. भाव, सवलत, तारखा लागतील तशा त्या जागेत एका रंगात छापा, अगदी पन्नास-पन्नास. प्रतीचा भाव बघू नका, वाटल्या गेलेल्या प्रतीचा भाव बघा. वरच्या हिशेबात तीन हजारांत हजार छापून तीनशेच वाटली, तर प्रत दहा रुपयांना पडली. पाचशे घेतली असती तर त्याच तीनशेचा भाव आठ-सव्वाआठ. आणि शेजारचे दोन दुकानदार तयार असतील तर एकाच कागदावर तिघांची पत्रकं लावून घ्या. मात्र कागदाचा आकार आणि रंग यांवर तिघांचं एकमत आधी व्हायला हवं, ते छपाईपेक्षा अवघड.

एखादं जुनं कॅलेंडर हाताशी असेल तर नीट बघा. वरचं चित्र गुळगुळीत, चार रंगांचं. खालचं नाव वेगळ्या शाईचं, कधी किंचित तिरकं, कधी मागून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाब लागतो. ती दोन वेगळी छपाईकामं आहेत, कदाचित हजार किलोमीटर अंतरावर झालेली. त्यातल्या फक्त दुसऱ्याचे पूर्ण पैसे दुकानदाराने एकट्याने भरलेत.