गोलाची लढाई आणि तिचे टीकाकार : पानिपतपूर्व युद्धनीतीवरील प्रतिक्रियांचे तीन साक्षीदार

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामाचा पराभव झाला आणि मराठ्यांच्या युद्धपद्धतीत एक नवा पर्याय सिद्ध झाला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ यांनी हा विजय सुकर केला होता. बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडल्यानंतर सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, ते याच विजयाचा अनुभव बरोबर घेऊन. तोफखाना मध्यभागी ठेवायचा, पायदळाच्या आधाराने सैन्याचा गोल बांधायचा आणि शत्रूला समोरासमोर गाठायचे, ही ती नीती. तिच्यावर तत्कालीनांनी काय म्हटले, या प्रश्नाचे उत्तर मात्र साधनागणिक बदलते.

पहिला साक्षीदार फारसी भाषेतला आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने सुमारे वीस वर्षांनी, १७८० च्या आसपास, आपला वृत्तांत लिहिला. त्यात सूरजमल जाट भाऊंना सल्ला देतो की बायकामुले, बाजारबुणगे व जड तोफा सुरक्षित जागी मागे ठेवाव्यात आणि हलक्या घोडदळाने शत्रूची रसद तोडावी. मल्हारराव होळकर त्याला दुजोरा देतात. भाऊ मात्र दोघांचाही अव्हेर करतात. शहाण्यांचा सल्ला आणि गर्विष्ठ सेनापती अशी ही मांडणी आहे. नायकाचा अहंकार त्याच्या नाशाचे कारण ठरावा, ही कथनरीती अनेक साहित्यपरंपरांना परिचित आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे ‘भाऊसाहेबांची बखर’. येथे वाद माणसांच्या तोंडून घडतो. गनिमी काव्याचा कैवार घेणारे जुने सरदार एका बाजूला आणि गोलाचा आग्रह धरणारा इब्राहिमखान दुसऱ्या बाजूला, असे हे नाट्य आहे. परंतु होळकरांविषयी बखरकाराचे मन स्वच्छ नाही. नजीबखान समूळ नष्ट झाला तर पेशव्यांच्या लेखी सरदारांची किंमत उरणार नाही, ही भीती त्याने मल्हाररावांच्या मुखी घातली आहे. हा धागा युद्धनीतीच्या वादालाही लागू पडतो. सरदाराचे घोडदळ सरंजामावर पोसले जाई, गारद्यांना मात्र रोख पगार द्यावा लागे. तोफा आणि पायदळ यांचे महत्त्व वाढणे म्हणजे लढाईतील सरदारांचा शब्द हलका होणे. त्यामुळे गनिमी काव्याच्या समर्थनात रणांगणावरील अनुभवाबरोबर प्रतिष्ठेचा प्रश्नही मिसळलेला असणे संभवते.

तिसरा साक्षीदार पत्रांचा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि मोहिमेच्या काळातच लिहिलेला पत्रव्यवहार अभ्यासकांसमोर आला. त्यातील भाऊ वेगळे दिसतात. ते गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा आणि रसदेचा तगादा लावतात. त्याचबरोबर अंतर्वेदीत शत्रूच्या पिछाडीला उपद्रव द्यावा, असेही वारंवार बजावतात. म्हणजे बखरीत परस्परविरोधी ठरलेल्या दोन पद्धती भाऊंच्या योजनेत एकत्र नांदत होत्या. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा हाती आला, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दक्षिणेचा मार्ग अडला. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. त्यामुळे योजनेचे दुसरे अंग लुळे पडले आणि उपाशी छावणीला गोल बांधून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडदळाने पुढे धाव घेतल्याने गोलाची शिस्त मोडली, असे म्हटले जाते. नवी पद्धत फसली की ती अर्धवट स्वीकारली गेली, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंच्या धोरणाची बाजू गांभीर्याने मांडली. पानिपतातून बचावलेल्या महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द ब्वान्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. एका प्रत्यक्ष सहभागी सेनानीने पराभवातून काढलेला धडा बखरीच्या धड्याहून निराळा होता, हे त्यातून स्पष्ट होते.

तिन्ही साधने एकत्र वाचली असता एक भेद लक्षात येतो. पत्रलेखकाला शेवट ठाऊक नाही. बखरकाराला आणि काशीराजाला तो ठाऊक आहे. पहिल्याच्या लेखनात चिंता आहे, तर दुसऱ्यांच्या लेखनात भाकिते आहेत. सूरजमलाचा सल्ला खोटा होता असे यातून सिद्ध होत नाही. ऑगस्ट १७६० मध्ये तो दिल्लीहून निघून गेला, ही मतभेदाची ठोस खूण आहे. मात्र त्या सल्ल्याला आलेली सुभाषितासारखी रेखीवता पराभवानंतरची आहे. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, तेव्हा लोकमानसाने आपला निकाल देऊन टाकला होता. पुढील कथनांना त्या निकालाला साजेशी साक्ष हवी होती आणि बखरीने ती पुरवली. अभ्यासकाने म्हणून विरोधाचे शब्द वाचताना ते केव्हा उच्चारले गेले याबरोबरच ते केव्हा लिहिले गेले, हेही विचारणे अगत्याचे ठरते.