जिना कोणाचा? धूर, ‘सार्वजनिक जागा’ आणि आपला लढा

अपार्टमेंटच्या जिन्यात कोणी सिगारेट ओढली आणि तिचा धूर शेजारच्या घरात शिरला, तर ‘हा तुमचा आपसातला मामला आहे, खाजगी इमारत आहे’ असे सांगून विषय संपवला जातो. आंबेडकरी तरुणांनी हे उत्तर गुपचूप स्वीकारू नये. ‘ही जागा खाजगी आहे’ हे वाक्य आपल्या समाजाला नवे नाही. आपल्या लढ्याचा मोठा भाग या एका वाक्याविरुद्धच झालेला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असे तो ठराव सांगत होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेसारखे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट जुनी आहे! या दाव्याचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे कोर्टातून वदवून घ्यायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

आपला जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बोले ठराव मुंबई इलाख्याचा. तो इथे लागू नव्हता. संस्थान भारतात आले १७ सप्टेंबर १९४८ रोजी आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधानाचे कलम १५(२) इथेही लागू झाले. दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला संविधानाने दिले.

आता धुराकडे येऊ. २ नोव्हेंबर २००१ रोजी मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने दवाखाने, शाळा, ग्रंथालये, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. जो ओढत नाही त्याला दुसऱ्याचा धूर का गिळायला लावता, हा प्रश्न त्यात कलम २१ म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला गेला. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. त्यांत कामाच्या जागाही आल्या आणि दंड २०० रुपयांपर्यंत गेला.

पण कायद्यातली ‘सार्वजनिक जागे’ची यादी नीट वाचा. त्यात रेस्टॉरंट आहे, वेटिंग रूम आहे. निवासी इमारतीचा जिना, लिफ्ट, व्हरांडा मात्र नावानिशी नाही. म्हणजे साहेबाच्या कचेरीतली हवा कायद्याने स्पष्टपणे राखली आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या कामगाराच्या दारातली हवा वादात सोडून दिली. जालन्यात एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत राबणारा कामगार, अंबड-मंठ्याहून शिकायला आलेला विद्यार्थी, घरकुलात राहणारी बाळंतीण हे दार-खिडकी लावून किती वेळ बसणार? परोक्ष धुराची सुरक्षित पातळी नसते, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या बंगल्यात धूर विरून जातो; छोट्या घरात तो मुलाच्या छातीत जातो.

मग सोसायटीने बंदी घालावी का? घालावी, पण डोळे उघडे ठेवून. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. सोसायटी ही खाजगी संघटना आहे, हा त्यामागचा विचार. खोली भाड्याने मागताना आडनाव विचारणारे आणि ‘मटण-मच्छी चालणार नाही’ म्हणणारे याच विचाराच्या आडोशाला उभे असतात. उद्या ‘धूम्रपान करणाऱ्यांना घर नाही’ ही पाटीही जात गाळण्याची चाळणी होऊ शकते.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. बंदी धुरावर हवी, माणसावर नको. जिना, लिफ्ट, गच्ची, पार्किंग धूरमुक्त करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आणा, तो इतिवृत्तात लिहून घ्या, फलक लावा. नियम घरमालक, भाडेकरू आणि अध्यक्षांच्या मुलाला सारखाच लागू करा. सामाईक जिना ही सार्वजनिक जागाच आहे, असे शासनाने स्पष्ट करावे यासाठी निवेदने द्या. आणि मित्रांनो, कायदा जिथे पोहोचत नाही त्या आपल्याच घरात बायको-लेकरांसमोर विडी पेटवणार असू, तर शेजाऱ्याला समता शिकवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पाणी सर्वांचे आहे हे महाडने सिद्ध केले. श्वासही सर्वांचा आहे, हे आपल्या इमारतीच्या सभेत मांडण्याची जबाबदारी आपली आहे.

जय भीम!