दिवा तोच, अर्थ नवा
कर्वेनगरहून राजाराम पुलाकडे निघालात आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं, तर काय कराल? शेजारी जुन्या पिढीतलं कुणी असेल तर म्हणेल, ‘काही नाही रे, जरा रेस दे, विझेल.’ सल्ला खोटा नाही. फक्त तो दुसऱ्या यंत्राचा आहे.

कुर्ल्याला बनणाऱ्या जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असायचा. दिव्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनॅमोकडे. दोन्हीकडे विजेचा दाब सारखा झाला की दिवा विझायचा. सिग्नलला इंजिन मंदावलं की डायनॅमो कमी पडायचा आणि दिवा लुकलुकायचा. म्हणजे हा दिवा मुळात बॅटरीचा नाहीच, चार्जिंगचा!

१९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. पुढे तो सगळीकडे रुळला. इंजिन मंद असतानाही तो पुरेशी वीज देतो. त्यामुळे आता चालत्या गाडीत दिवा पेटला, तर चार्जिंगमध्ये खरंच बिघाड आहे असं समजा. यंत्र बदललं, सवय मागे राहिली; तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार दिसतं.

मग करायचं काय? एसी, म्युझिक बंद करा. अंधारात हेडलाइट मात्र नाही. तापमान बघा, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. तापमान चढलं किंवा स्टिअरिंग जड झालं, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसं नसेल, तर इंजिन चालूच ठेवून जवळचं गॅरेज गाठा. एकदा बंद केलंत, की पुन्हा स्टार्ट होईलच असं नाही.