शस्त्रक्रियेपूर्वी हिपॅटायटिसची चाचणी कशासाठी?

हर्निया असो वा मोतीबिंदू, शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रक्ततपासण्यांची यादी रुग्णाच्या हाती पडते. साखर, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर त्यात बहुधा ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचसीव्ही’ अशी दोन नावे असतात. पहिली चाचणी हिपॅटायटिस-बीची, दुसरी हिपॅटायटिस-सीची. दोन्ही विषाणू यकृताला पोखरतात. मात्र अनेक बाधितांना वर्षानुवर्षे कोणताच त्रास जाणवत नाही, डोळेही पिवळे होत नाहीत. त्यामुळे संसर्गाचा पत्ता अनेकदा याच चाचणीत प्रथम लागतो.

हे विषाणू बाधित रक्तातून पसरतात. ‘बी’चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला बाधित रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. तथापि, संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणूनच प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हातमोजे आणि उपकरणांचे काटेकोर निर्जंतुकीकरण आवश्यक ठरते.

अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. यकृताला तीव्र सूज असल्यास तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. यकृताचे कार्य समाधानकारक असल्यास ती नेहमीची दक्षता घेऊन करता येते.

खरी हेळसांड होते ती त्यानंतर. टाके निघतात, रुग्ण घरी जातो आणि अहवाल फाइलमध्ये पडून राहतो. उपचारांअभावी सिरॉसिस वा यकृताच्या कर्करोगाचा धोका संभवतो. ‘अँटी-एचसीव्ही’ चाचणी जुना, बरा झालेला संसर्गही दाखवते. त्यामुळे विषाणूचा ‘आरएनए’ तपासावा लागतो. तो आढळल्यास सामान्यतः बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. ‘बी’ क्वचितच समूळ जातो, पण औषधांनी आटोक्यात राहतो. बाधिताच्या जोडीदाराची व मुलांची तपासणी करून, गरजेनुसार त्यांना लस द्यावी. प्रौढांना तिच्या तीन मात्रा साधारणतः सहा महिन्यांत दिल्या जातात. ‘सी’वर मात्र लस नाही. एकत्र जेवल्याने वा हस्तांदोलनाने हे आजार पसरत नाहीत.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ठराविक सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत मिळतात. रुग्णालयातून घरी जाताना हा अहवाल मागून घ्यावा आणि दोष आढळल्यास यकृतविकारतज्ज्ञांना दाखवावा.