यूचे धनुष्य

आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ साली पोर्टस्मथजवळ बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला गेला. त्यातून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये हाती आली.

आपण अशा धनुष्याचा आडवा छेद पाहिला, तर एकाच लाकडाचे दोन थर दिसतात. शत्रूकडील फिकट रसकाष्ठ ताण सोसते, तिरंदाजाकडील गडद मध्यकाष्ठ दाब. म्हणून कारागीर बाहेरचे वलय तुटू देत नाही. पुनःपुन्हा वाकवून पाहतो आणि ताठ राहील तेथे आतून पापुद्राभर तासतो. आजचे कारागीर मुठीवर चामडे शिवतात ते अगदी शेवटी. ते हाताच्या सोयीसाठी, धनुष्याचे बळ त्याने वाढत नाही.

ही धनुष्ये ओढायला सुमारे ४५ ते ८० किलोचा जोर लागत असावा. आम्हाला हा आकडा प्रथम अविश्वसनीय वाटला! पण जहाजावरील काही सांगाड्यांच्या खांद्यांत लहानपणापासूनच्या सरावाच्या खुणा असाव्यात, असे हाडांचे अभ्यासक मानतात.