‘यंग अडल्ट’ प्रेमकथा म्हणजे काय? आणि मराठीत त्यात मुलीचं गाणं कुठे आहे?

‘सैराट’ महाराष्ट्रात लागला २९ एप्रिल २०१६ ला. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. तिथे तो ज्या विभागात होता त्याचं नाव ‘जनरेशन १४ प्लस’. म्हणजे चौदा वर्षांपासून पुढच्या मुलामुलींसाठी निवडलेले चित्रपट. आपल्याकडे ‘सैराट’ची चर्चा जात, झिंगाट आणि १०० कोटींची कमाई याभोवती फिरली. बर्लिनवाल्यांनी मात्र तो किशोरवयीन मुलांच्या कप्प्यात ठेवला. या कप्प्यालाच पुस्तकांच्या दुनियेत ‘यंग अडल्ट’ म्हणतात.

यंग अडल्ट म्हणजे नक्की काय?

साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेलं, त्याच वयाच्या नायक-नायिकेचं साहित्य. बालसाहित्य संपलं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून आपल्या वाटत नाहीत, अशा मधल्या वर्षांसाठीचं. अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात सांगताना एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’चं नाव हमखास घेतलं जातं. १९६७ साली आलेली ही कादंबरी लेखिकेने शाळेत असतानाच लिहायला घेतली होती.

फिलिपिन्समध्ये हा प्रकार इंटरनेटवर फोफावला. ‘शीज डेटिंग द गँगस्टर’ ही कथा आधी ऑनलाइन वाचली गेली, मग तिचं पुस्तक झालं आणि २०१४ मध्ये चित्रपट. तिथल्या घरांत कराओके असतो, एकत्र कुटुंब असतं, कामासाठी परदेशी गेलेले आई किंवा वडील असतात. त्यामुळे तिथल्या किशोरवयीन प्रेमाच्या गोष्टीत गाणं आणि घर आपोआप येतं.

हे आपल्यालाही ओळखीचं वाटेल. कारण मराठीतही या वयाच्या प्रेमकथेत दोन गोष्टी टळत नाहीत. एक, गाणं. दोन, घरचे. जे घरी बोलता येत नाही, ते मुलं गाण्यातून बोलतात.

शाळा : तिला फक्त आडनाव आहे

मराठीत ‘यंग अडल्ट’ असा वेगळा कप्पा फारसा नाही. पण त्यात बसेल असं पुस्तक सांगा म्हटलं, तर पहिलं नाव येतं मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चं. २००४ साली आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळात घडते. नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट स्वतः सांगतो. वर्गातली मुलगी आवडणं, मित्रांची टवाळकी, मास्तरांचा धाक, घरी काय सांगायचं आणि काय लपवायचं, हे सगळं त्याच्या नजरेतून दिसतं.

पण त्याला आवडणारी मुलगी आपल्याला भेटते ती ‘शिरोडकर’ म्हणून. मुलगे मुलींना आडनावानेच ओळखतात, ही त्या काळच्या शाळांतली खरी पद्धत. तिच्या मनात काय चाललंय, हे मुकुंदला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळतं. पुढे सुजय डहाके यांनी यावर चित्रपट केला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात शिरोडकर साकारली केतकी माटेगावकरने.

टाइमपास : नायिकेला स्वतःचा आवाज मिळाला

हीच केतकी जानेवारी २०१४ मध्ये रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’मध्ये प्राजक्ता झाली. समोर रिक्षावाल्याचा मुलगा दगडू, म्हणजे प्रथमेश परब. प्राजक्ताचं घर शिस्तीचं, मध्यमवर्गीय. दोघांची मराठीसुद्धा वेगळी. केतकी मुळात गायिका. त्यामुळे ‘मला वेड लागले प्रेमाचे’ या गाण्यात नायिकेच्या तोंडी तिचाच आवाज आहे. आपल्याकडे नायिका पडद्यावर दिसते एक आणि गाते दुसरीच, याची इतकी सवय झाली आहे की ही गोष्ट लक्षातही येत नाही. शेवटी निर्णय मात्र घरचेच घेतात आणि दोघांना वेगळं करतात.

सैराट : गाणी थांबतात कुठे?

‘सैराट’मधली आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते आणि परश्याकडे सरळ बघते. भूमिका करणारी रिंकू राजगुरू चित्रपट लागला तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती. अजय-अतुल यांनी या गाण्यांसाठी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला. करमाळ्याच्या शेतातल्या, विहिरीवरच्या प्रेमाला हॉलिवूडच्या दर्जाची साथ मिळाली.

आता पुन्हा बघताना एक गोष्ट तपासा. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघं पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत संसार मांडतात, तेव्हा गाणं नाही. आणि माहेरची माणसं दारात येऊन गेल्यानंतरच्या शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही. नागराज मंजुळे यांनी घर आणि गाणं यांचं नातं यापेक्षा स्पष्ट सांगायची गरज ठेवलेली नाही.

खान्देशात ही गोष्ट कुठे ऐकू येते?

जामनेर, पाचोरा, धुळे, शिरपूर. या पट्ट्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची प्रेमकथा पुस्तकात क्वचित सापडते. ती सापडते यूट्यूबवर, अहिराणी गाण्यांत. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं रील्समधून राज्यभर गेलं, तेव्हा ज्यांना अहिराणीतला एक शब्द येत नव्हता त्यांनीही ‘पोर’ म्हणजे मुलगी हे शिकून घेतलं. घरात बोलली जाणारी आणि शाळेत ‘शुद्ध बोल’ म्हणून दाबली जाणारी भाषा अचानक डीजेवर वाजू लागली. हे छोटं काम नाही.

पण या गाण्यांपैकी बरीच मुलाच्या तोंडी आहेत. पोर दिसते, चालते, लाजते. बोलतो तो.

गंमत अशी की याच मुलखात मुलींच्या गाण्याची जुनी परंपरा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी होतात. त्यांत सासरची तक्रार असते, भावाची वाट असते, चेष्टा असते. बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर कविता केली आहे. इथे पोर स्वतः बोलते.

याच मातीजवळचं आणखी एक नाव म्हणजे ना. धों. महानोर. जामनेरला लागून असलेल्या सोयगाव तालुक्यातलं पळसखेडे हे त्यांचं गाव आणि जामनेर तालुक्यातली शेंदुर्णी ही त्यांची शाळा. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ची गाणी त्यांनी लिहिली, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातली चिंधी नको असलेल्या नवऱ्यापासून काडीमोड मागते आणि आवडत्या नाग्याकडे जाते. चिंधी शाळकरी नाही. पण आपल्याला काय हवं हे ती स्वतः सांगते, गाण्यातूनसुद्धा.

यात एवढं महत्त्वाचं काय?

महत्त्वाचं हे की आखाजीचा दिवस लग्नाचा मुहूर्तही असतो. बालविवाह होऊ नयेत म्हणून प्रशासनाला याच दिवशी जास्त लक्ष ठेवावं लागतं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. कुठे असं लग्न ठरत असेल, तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवता येतं.

मुलीचं नाव कुणासोबत जोडलं गेलं की तिची शाळा बंद करायची आणि घाईने लग्न उरकायचं, हे आजही घडतं. अशा घरात पंधरा वर्षांच्या मुलीला ‘मला काय वाटतं’ हे सांगायला शब्द लागतात. गोष्टी आणि गाणी तेच शब्द देतात. आवडणं म्हणजे लगेच लग्न नव्हे आणि पळून जाणंही नव्हे, हे आईबापांनाही अशाच गोष्टीतून सोपं कळू शकतं.

सुरुवात कुठून करायची?

वाचायचं असेल तर ‘शाळा’. बघायचं असेल तर ‘टाइमपास’, मग ‘सैराट’, मग ‘जैत रे जैत’, या क्रमाने. नायिकेचा आवाज कुठे वाढतो आणि कुठे बंद पडतो ते लगेच कळेल. लिहायचं असेल तर प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत गोष्ट टाकायला प्रकाशक लागत नाही. अहिराणीत गाणं करायला तर मोबाइल पुरतो. आखाजीला आजीकडून झोक्यावरची दोन गाणी रेकॉर्ड करून घेतली, तरी पोरीच्या तोंडच्या गाण्याची चाल हाताशी येईल.