निःसत्त्व भूमीचें धन

वनस्पतीनें माती, पाणी व प्रकाश यांवर जगावें, पशूनें वनस्पति खावी, आणि वनस्पतीनें मात्र कोणासही खाऊं नये, अशी सृष्टीची व्यवस्था अठराव्या शतकांतील पंडितांनीं मनाशीं ठरवून टाकली होती. १७६८ सालीं जॉन एलिस यानें अमेरिकेंतील माशा पकडणाऱ्या एका झाडाची हकीकत लिनियस यास कळविली, व तें झाड कीटकांवर पोसत असावें असें सुचविलें. लिनियससारख्या महापंडितासही तें पटलें नाहीं. लाजाळूप्रमाणें तें पान स्पर्शानें मिटतें, आणि कीटकाची धडपड थांबली म्हणजे त्यास सोडून देतें, असा त्याचा ग्रह झाला. सिद्धान्ताच्या आड आलेली गोष्ट डोळ्यांपुढें घडूनही दिसत नाहीं, ती अशी.

१८६० च्या उन्हाळ्यांत चार्ल्स डार्विन हा इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत हार्टफील्ड येथें राहावयास गेला होता. तेथील ओलसर माळरानावर ड्रॉसेरा नांवाचें एक बुटकें रोप उगवतें. त्याच्या लहान, वाटोळ्या पानांवर तांबडे केस असून प्रत्येक केसाच्या टोकास चिकट रसाचा थेंब भर उन्हांतही चकाकत असतो. म्हणून त्यास सूर्याचें दंव म्हणत. डार्विननें सहज बारा रोपें गोळा केलीं, तों त्यांच्या ५६ पानांपैकीं ३१ पानांस मेलेले कीटक अथवा त्यांचे अवशेष चिकटलेले आढळले. इतका संहार निव्वळ योगायोगानें होणें शक्य नव्हतें.

मग त्यानें प्रयोग आरंभिले. पानांवर मांसाचे कण ठेविले, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेविला, तसेच कांचेचे तुकडेही ठेविले. केस सर्वांवरच वांकले. परंतु कांचेवरून ते लवकर उठले, मांसावर दीर्घकाळ मिटून राहिले. पावसाचे थेंब पडले तरी पान ढिम्म हालत नसे. उलट एका ग्रेनच्या ७८,७४० व्या भागाइतक्या वजनाचा मानवी केसाचा तुकडा त्यास कळे. पानांतून स्रवणारा रस आपल्या जठरांतील रसाप्रमाणें मांस विरघळवितो, असेंही दिसून आलें.

तथापि ग्रंथ प्रसिद्ध करण्यास त्यानें १८७५ सालापर्यंत धीर धरला. त्यानंतरही, कीटक खाऊन रोपाचा लाभ काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर त्याचा पुत्र फ्रान्सिस यानें १८७८ सालीं दिलें. कांहीं रोपांस मांस देऊन व कांहींस उपाशी ठेवून त्यानें दोहोंचें बीं मोजलें, तों पोसलेल्या रोपांस दुपटीहून अधिक बीं धरलें होतें.

या हिंसेचें मूळ भूमींत आहे. ड्रॉसेरा जेथें राहते तेथील माती आम्ल असून तींत नत्राचें दुर्भिक्ष असतें. भूमि जें देत नाहीं तें तिला माशीपासून घ्यावें लागतें. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर, जांभ्या खडकावरील पातळ मातींत, पावसाळ्यांत तिचींच भावंडें उगवतात, आणि आपणही त्यांस दवबिंदू म्हणतों.

अशी जमीन शेतीच्या हिशेबीं निरुपयोगी ठरते. म्हणून यूरोपांतील कितीतरी दलदली निचरा करून नांगराखालीं आणल्या गेल्या. परंतु खतावलेल्या भूमींत उंच गवत माजतें व या बुटक्या रोपास ऊन मिळेनासें होतें. दारिद्र्यांत तगण्याची विद्या जिनें साधली, ती समृद्धींत टिकत नाहीं. तेव्हां जमिनीवर पडीकपणाचा शिक्का मारण्यापूर्वीं, ती कोणाचें घर आहे, हें एकवार वांकून पाहिलेलें बरें.